ओगम लिपीचीं अक्षरनामें : मूळ अर्थ आणि पोथ्यांतील टीपा

१

अक्षराला अर्थ असलेलें नांव असावें, ही कल्पना संस्कृत परंपरेंत वाढलेल्या वाचकास थोडी परकी वाटेल. वर्णाचा उल्लेख करावयाचा झाल्यास आपले वैयाकरण त्या वर्णालाच 'कार' जोडून अकार, ककार, मकार असें म्हणतात; रेफासारखा एखादा अपवाद सोडला तर वर्णाला निराळें नांव नाहीं. पश्चिमेकडील प्रकार वेगळा आहे. ग्रीकांच्या आल्फा व बीटा या संज्ञा सेमिटिक भाषांतून आलेल्या असून तेथें त्यांचे अर्थ बैल आणि घर असे होते. जर्मानिक लोकांच्या रून लिपींत पहिल्या अक्षराचें नांव गुरेंढोरें या अर्थाचें आहे. आयर्लंडची प्राचीन ओगम लिपि याच वर्गांत मोडते. तिच्या २० मूळ अक्षरांस २० नांवें आहेत. आणि हीं सर्व नांवें झाडांचीं होत, अशी समजूत मध्ययुगीन आयरिश पोथ्यांपासून आजच्या लोकप्रिय पुस्तकांपर्यंत चालत आलेली आहे.

या समजुतीला आधार किती, आणि नांवांच्या मूळ अर्थांचा निर्णय कोणत्या पुराव्यानें करावा, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विषय दूरदेशचा असला तरी त्यांतील प्रश्न हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. पोथीच्या समासांतील टीप कालांतरानें मूळ संहितेच्या जागीं कशी जाऊन बसते, आणि तिला तेथून उठविण्यास काय काय साधनें लागतात, हें या उदाहरणावरून स्वच्छ दिसतें.

२

प्रथम लिपीचें स्वरूप सांगितलें पाहिजे. दगडाची उभी कड हा ओगम लिपीचा कणा होय. पोथींत त्या कडेच्या जागीं एक सरळ रेषा ओढतात. कडेच्या एका बाजूस एक ते पांच छेद दिले म्हणजे पहिल्या वर्गाचीं पांच व्यंजनें होतात. दुसऱ्या बाजूस दिले म्हणजे दुसऱ्या वर्गाचीं. कड तिरपी ओलांडून दिले म्हणजे तिसऱ्या वर्गाचीं. आणि कडेवरच लहान खांचा पाडल्या म्हणजे पांच स्वर. वर्गास आयरिश भाषेंत 'ऐक्मे' म्हणतात, व प्रत्येक वर्ग आपल्या पहिल्या अक्षराच्या नांवानें ओळखला जातो. पुढें या चार वर्गांस पांच अक्षरांची पुरवणी जोडण्यांत आली. तिचा विचार येथें केलेला नाहीं. स्वरांचा क्रम अ, ओ, उ, ए, इ असा आहे. म्हणजे जिभेच्या मागील भागाशीं होणारे स्वर आधीं व पुढील भागाशीं होणारे नंतर. स्वर आणि व्यंजनें वेगळीं काढून त्यांची अशी मांडणी ज्यानें केली, त्यानें ध्वनींचा विचार केलेला होता हें उघड आहे. लिपिकर्त्यास लॅटिन लिपि परिचित असावी, परंतु चिन्हें व नांवें त्यानें आपल्या भाषेसाठीं नव्यानें बसविलीं, असें आजच्या बहुतेक विद्वानांचें मत आहे.

या लिपींतील सुमारें ४०० शिलालेख उपलब्ध आहेत. त्यांपैकीं बहुसंख्य लेख आयर्लंडच्या दक्षिणेकडील केरी, कॉर्क व वॉटरफर्ड या परगण्यांत सांपडले. बाकीचे वेल्स, आइल ऑफ मॅन, स्कॉटलंड, डेव्हन व कॉर्नवॉल येथें आहेत. त्यांचा मुख्य काळ इसवी सनाचें पांचवें ते सातवें शतक. मजकूर फार थोडा असतो : अमक्याचा, अमक्याच्या पुत्राचा, अमक्या कुळांतील, एवढाच. सर्व नामें षष्ठींत असतात. 'हा दगड' किंवा 'हें स्मारक' असें पद अध्याहृत घ्यावयाचें. वेल्समधील सेंट डॉगमेल्स येथील दगडावर एकच मजकूर ओगम व लॅटिन अशा दोन्ही लिपींत कोरलेला आहे. तेथें लॅटिनमध्यें 'पुत्राचा' या अर्थीं जेथें 'फिली' आहे, तेथें ओगममध्यें 'मक्वि' आहे. अशा द्वैभाषिक दगडांमुळें पोथ्यांत दिलेली लिपीची किल्ली शिलालेखांवर ताडून पाहतां आली, आणि ती बव्हंशीं खरी ठरली.

परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. दगडांवर अक्षरें आहेत. अक्षरांचीं नांवें नाहींत. तीं आपणांस केवळ पोथ्यांवरून कळतात, आणि ज्या पोथ्यांत त्यांचें सविस्तर विवरण आहे त्या फार उत्तरकालीन आहेत. त्यांपैकीं प्रमुख पोथी 'बुक ऑफ बॅलिमोट' ही इ. स. १३९० च्या सुमारास लिहिली गेली. ती डब्लिन येथील रॉयल आयरिश अ‍ॅकॅडमीच्या संग्रहांत आहे. तिच्यांत 'ऑरैकेप्त ना नेकेस' म्हणजे पंडितांचा व्याकरणप्रवेश, व 'इन लेबर ओगैम' म्हणजे ओगमचें पुस्तक, असे दोन ग्रंथ आहेत. पहिल्या ग्रंथाचा गाभा पोथीहून कित्येक शतकांनीं जुना असून त्यावर टीकेचे थर चढत गेलेले आहेत. जॉर्ज काल्डर यांनीं तो १९१७ सालीं संपादून प्रसिद्ध केला. सारांश, नांवांचा साक्षी एकच आहे, आणि त्या नांवांचा अर्थ सांगणाराही तोच आहे. साक्ष आणि मत हीं येथें एकाच मुखांतून येतात. तीं निवडून वेगळीं करणें हेंच संशोधकाचें काम.

३

पोथ्या स्वतःच या बाबतींत एकमुखी नाहींत. एका परंपरेप्रमाणें लिपीचा कर्ता ओग्मा नांवाचा वीर असून तो लिपीचा पिता, आणि त्याचा हात किंवा सुरी ही तिची माता. दुसऱ्या परंपरेप्रमाणें बाबेलच्या मनोऱ्यापाशीं भाषांची फाटाफूट झाल्यानंतर फेनिउस फार्सेद नांवाच्या पंडितानें आपल्या शाळेंतील श्रेष्ठ विद्वानांचीं नांवें अक्षरांस दिलीं. या यादींत बाबेल, लोथ, फोरैन्द, सालिअथ, नाब्गदोन अशीं बायबलच्या वळणाचीं नांवें आहेत. तिसऱ्या परंपरेप्रमाणें अक्षरांचीं नांवें वनांतील झाडांवरून पडलीं. ऑरैकेप्तमध्यें विद्वानांचीं नांवें आणि झाडांचीं नांवें हीं दोन्ही मतें शेजारींशेजारीं नमूद केलेलीं आहेत. त्यांतील एकच उचलून तेंच 'प्राचीन मत' म्हणून सांगणें हें पोथीशींही प्रामाणिकपणाचें नव्हे.

विद्वानांची यादी कृत्रिम आहे हें तिच्यावरूनच सिद्ध होतें. तिच्यांतील तिसरें नांव फोरैन्द, म्हणजे मिसर देशचा राजा फॅरो. अर्थात् तिसऱ्या अक्षराचा उच्चार 'फ' असा गृहीत धरलेला आहे. परंतु शिलालेखांत त्याच चिन्हाचा उच्चार 'व' आहे. आरंभींच्या 'व'चा 'फ' आयरिश भाषेंत सातव्या शतकाच्या सुमारास झाला. तेव्हां ही यादी त्यापूर्वींची असणें शक्य नाहीं. ती लिपिकर्त्याची नव्हे, मठांतील कोणा अध्यापकाची रचना आहे.

झाडांच्या मताला मात्र इतक्या सहजासहजीं बाजूस सारतां येत नाहीं. कारण कांहीं नांवें खरोखरच झाडांचीं आहेत.

४

आतां नांवें क्रमानें पाहूं. जुन्या आयरिश लेखनास अनुसरून तीं येथें दिलीं आहेत.

पहिला वर्ग : बेथे, लुइस, फेर्न, सैल, निन. यांपैकीं बेथे म्हणजे भूर्ज, फेर्न म्हणजे आल्डर नांवाचें पाणथळींतील झाड, आणि सैल म्हणजे विलो, आपल्या वाळुंजाच्या कुळांतील झाड. लॅटिन 'सालिक्स' हा त्याचाच भाऊबंद. लुइस या शब्दाचा संबंध ज्योत, झळाळी या अर्थाच्या शब्दाशीं लागतो किंवा वनस्पति या अर्थाच्या 'लुस' शब्दाशीं. निर्णय झालेला नाहीं. निन म्हणजे दुबेळकें, किंवा माळा.

दुसरा वर्ग : ऊअथ, दैर, तिन्ने, कोल्ल, केर्त. दैर म्हणजे ओक वृक्ष. संस्कृत 'दारु' व 'द्रुम' यांच्याशीं त्याचें नातें निःसंशय आहे. कोल्ल म्हणजे हेझल. ऊअथ म्हणजे भय, तिन्ने म्हणजे धातूची कांब अथवा लगड, आणि केर्त म्हणजे झुडूप. या शेवटच्या नांवाशीं चिंधी या अर्थाचा एक समध्वनि शब्दही जुळून गेला.

तिसरा वर्ग : मुइन, गोर्त, गेतल, स्त्रैफ, रुइस. मुइन म्हणजे मान. परंतु त्याच रूपाचे युक्ति व आदर या अर्थांचे शब्दही भाषेंत होते. गोर्त म्हणजे शेत, लॅटिन 'होर्तुस'चा सगोत्र. गेतल म्हणजे घायाळ करणें, वध. स्त्रैफ म्हणजे गंधक. रुइस म्हणजे लाली; संस्कृत 'रुधिर' व 'रोहित' ज्या धातूपासून निघाले त्याच मुळांतील हा शब्द.

चौथा वर्ग, स्वरांचा : ऐल्म, ओन्न, ऊर, एदद, इदद. ओन्न म्हणजे अ‍ॅश वृक्ष, लॅटिन 'ओर्नुस'चा सगोत्र. ऊर म्हणजे माती. ऐल्म हा शब्द अक्षरनामाबाहेर एका जुन्या काव्यांत आढळतो व तेथें त्याचा अर्थ पाइन असावासा दिसतो. एदद व इदद यांना स्वतंत्र अर्थच लागत नाहीं. एकाच सांच्यांतून काढल्यासारखी ती जोडी आहे. जुन्या इंग्रजी रूनांतही 'पेओर्थ' आणि 'क्वेओर्थ' अशी, केवळ आद्य ध्वनि बदलून केलेली नामांची जोडी आढळते. इददच्या मागें यू वृक्षाची कल्पना असावी, पण शब्दाचें रूप कृत्रिम आहे.

हिशेब असा कीं, निश्चितपणें झाडांचीं म्हणतां येतील अशीं नांवें पांच : भूर्ज, आल्डर, विलो, ओक व हेझल. ओन्न, केर्त व ऐल्म हीं त्यांत मिळविलीं तरी संख्या ८ च्या पुढें जात नाहीं. उरलेल्या १२ नांवांत शेत आहे, माती आहे, धातूची कांब आहे, गंधक आहे, भय आहे, वध आहे. डब्लिन येथील डेमियन मॅकमॅनस यांनीं १९८८ सालच्या आपल्या निबंधांत व १९९१ सालच्या ग्रंथांत या नांवांची जी छाननी केली, तिचा निष्कर्षही हाच आहे.

५

हे अर्थ आजच्या भाषाशास्त्र्यांनीं कल्पनेनें काढले, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर पोथ्यांतच आहे. 'ब्रीअथर-ओगम' म्हणजे शब्द-ओगम या नांवाच्या कूटोक्तींच्या तीन याद्या मिळतात. त्या अनुक्रमें मोरन, मॅक इंद ओक व कूखुलिन या पुराणपुरुषांच्या नांवावर घातलेल्या आहेत. प्रत्येक अक्षराचें नांव न उच्चारतां दोनतीन शब्दांच्या सूचक वर्णनानें तें ओळखावयास लावणें, हा त्यांचा प्रकार. आपल्याकडे शिलालेखांतील शक सांगतांना चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २ असा संकेत वापरतात. तो ज्यांना परिचित आहे त्यांना या कूटोक्तींची रीत समजावयास कठीण जाणार नाहीं. नेत्र हें दोहोंचें चिन्ह होतें, कारण डोळे दोन असतात; त्याचप्रमाणें येथें कूटोक्ति सांगते तो गुण त्या नांवाच्या मूळ अर्थाला लागू पडलाच पाहिजे, एरव्हीं कोडें सुटणार नाहीं.

आतां या कसोटीस नांवें लावून पाहावीं. ऊअथ या अक्षराच्या कूटोक्तींत चेहरे पांढरे पडणें, रात्रीं सर्वांत जड जाणें, शिकारी कुत्र्यांचा मेळा अशा गोष्टी येतात. यांचें उत्तर 'भय' असेंच आहे. टीकाकार सांगतो तें पांढऱ्या फुलांचें काटेरी झुडूप कुत्र्यांच्या मेळ्याशीं कसें जुळवावें? रुइसच्या कूटोक्तींत तोंड लाल होणें व रागाचा भडका आहे. उत्तर लाली, एल्डरचें झाड नव्हे. तिन्नेच्या कूटोक्ति चाकाच्या व शस्त्राच्या घटकांकडे बोट दाखवितात. उत्तर धातु, हॉलीचें झाड नव्हे. गोर्तच्या कूटोक्तींत हिरवेंगार कुरण व गुरांची तृप्ति आहे. उत्तर शेत, आयव्हीची वेल नव्हे. ऊरच्या एका कूटोक्तींत मृताच्या आच्छादनाचा उल्लेख आहे; उत्तर माती, हीदरचें झुडूप नव्हे. गेतलच्या कूटोक्तींत वैद्यांचा निर्वाह व वधाचा आरंभ आहे. जखमा झाल्या तरच वैद्याचें पोट चालतें, हें सांगावयास नको.

उलट जेथें नांव खरोखर झाडाचें आहे, तेथें कूटोक्तिही झाडाचीच आहे. दैरच्या कूटोक्तींत उंच झाड व कारागिराचें काम यांचा उल्लेख येतो. म्हणजे कूटोक्ति रचणारांस झाडाचें वर्णन करतां येत नव्हतें असें नाहीं. सर्वच नांवें झाडांचीं आहेत असें त्यांना वाटत नव्हतें, एवढाच याचा अर्थ. झाडांची टीप कूटोक्तींच्या नंतरची आहे, आणि ती जेथें कूटोक्तीशीं जुळत नाहीं तेथें टीकाकार ओढाताण करतो. पोथींतील जुना थर व नवा थर यांचा सांधा येथें उघडा पडतो.

६

दुसरा पुरावा ध्वनींचा. अक्षराच्या नांवाचा आद्य ध्वनि तोच त्या अक्षराचा उच्चार, हा अशा सर्व नामावलींचा नियम आहे. पोथ्या लिहिल्या गेल्या त्या काळीं हा नियम कांहीं ठिकाणीं मोडलेला दिसतो, आणि नेमकीं तींच ठिकाणें बोलकीं आहेत.

दुसऱ्या वर्गांतील पांचव्या अक्षराचें नांव केर्त. चौथ्या अक्षराचें नांव कोल्ल. दोन्ही नांवें 'क'नें सुरू होतात; मग एका ध्वनीला दोन चिन्हें कशासाठीं? उत्तर शिलालेखांत मिळतें. वर सांगितलेल्या 'मक्वि' या शब्दांत पांचवें चिन्ह आहे, आणि त्याचा उच्चार ओष्ठ्य झांक असलेला 'क्व' होता. हाच शब्द पुढें आयरिशमध्यें 'मॅक' झाला व वेल्स भाषेंत 'मप' झाला. केर्तचा वेल्समधील सगोत्र शब्द 'पेर्थ', म्हणजे झुडूप, कुंपण. वेल्समध्यें 'प' आहे त्या अर्थीं आयरिशमध्यें मुळांत 'क्व' असला पाहिजे. तेव्हां नांव पडलें त्या वेळीं तें 'क्वेर्त'सारखें होतें व नियम अबाधित होता. फेर्नचेंही तसेंच; वेल्समध्यें त्याचा सगोत्र 'ग्वेर्न' असून मूळ आद्य ध्वनि 'व' होता, आणि दगडांवर तें चिन्ह 'व'च वाचावें लागतें.

सर्वांत उद्बोधक उदाहरण गेतलचें. पोथ्या या अक्षराचा उच्चार 'ङ्' देतात, व नियमाशीं मेळ बसविण्याकरितां नांवही 'ङेतल' असें लिहितात. परंतु कोणताही आयरिश शब्द मुळांत 'ङ्'नें सुरू होत नाहीं. मग असें नांव कोण ठेवील? गेतल हें 'गोनिद' म्हणजे 'घायाळ करतो, मारतो' या क्रियापदाचें भाववाचक नाम. त्याचें मूळ तेंच जें संस्कृत 'हन्' धातूचें. 'हन्ति' या रूपांत 'ह' दिसतो, पण 'घ्नन्ति' व 'जघान' या रूपांत मूळचा 'घ' टिकून आहे, हें पाणिनीय व्याकरण शिकलेल्यास ठाऊकच आहे. इंडो-युरोपीय मूळ भाषेंत हा ध्वनि ओष्ठ्य झांक असलेला 'घ' होता, आणि प्राचीन आयरिशमध्यें त्याचा 'ग्व' झाला होता. म्हणजे लिपींत 'क' व 'क्व' यांना जशीं दोन चिन्हें, तशींच 'ग' व 'ग्व' यांनाही दोन होतीं : गोर्त 'ग'चें, गेतल 'ग्व'चें. मांडणी किती सरळ होती पाहा!

पुढें 'ग्व' आणि 'ग' एकरूप झाले व चिन्ह रिकामें पडलें. उपलब्ध शिलालेखांत त्याचा निश्चित वापर आढळत नाहीं. ऊअथ व स्त्रैफ यांच्या चिन्हांची स्थितिही जवळजवळ हीच. उत्तरकालीन पंडितांस त्या चिन्हांचा मूळ ध्वनि माहीत नसल्यानें त्यांनीं लॅटिन वर्णमालेकडे पाहून 'ह', 'ङ्' व 'झ' अशा किमती त्यांना देऊन टाकिल्या. याचा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. गेतल हें नांव अशा ध्वनीची साक्ष देतें कीं जो आपणांस मिळालेल्या दगडांवरही उरलेला नाहीं. चौदाव्या शतकाच्या पोथींतील एक शब्द पांचव्या शतकाच्या दगडाहून जुनी गोष्ट सांगतो. पोथी उशीराची म्हणून तींतील सर्वच उशीराचें, असें मानणारांनीं या उदाहरणाचा विचार करावा.

७

मग सर्वच नांवें झाडांचीं, ही समजूत आली कोठून? तिचें बीज लिपीच्या परिभाषेंत आहे. आयरिश भाषेंत ओगम अक्षरास 'फिद' म्हणजे लांकूड, झाड असें म्हणत. छेदास 'फ्लेस्क' म्हणजे काठी, डहाळी. लिपीचा उगम लांकडावर खांचा पाडण्यांत असल्यास ही परिभाषा स्वाभाविकच आहे. शिवाय पहिलेंच अक्षर भूर्जाचें. ओगममध्यें लिहिलेला पहिला मजकूर भूर्जाच्या काठीवर होता, अशी कथा पोथ्यांत आहे : लुग नांवाच्या देवाला त्याची पत्नी पळविली जाईल असा इशारा देण्यासाठीं त्या काठीवर 'ब' हें अक्षर सात वेळां कोरलें होतें. येथें हेंही सांगण्याजोगें आहे कीं रून लिपींतही 'ब'चें नांव भूर्जवाचकच असून तो जर्मानिक शब्द आपल्या 'भूर्ज' शब्दाचा सगोत्र आहे. आयरिश 'बेथे' मात्र निराळ्या मुळाचा. भूर्जपत्रावरील पोथ्या हाताळणाऱ्यांस हें साम्य मनोरंजक वाटेल. परंतु त्यावर सिद्धांत उभारूं नये.

अक्षरास 'झाड' म्हणावयाचें, आणि त्यांतलीं पांचसहा नांवें उघडच झाडांचीं. तेव्हां बाकीचींही झाडांचींच असलीं पाहिजेत, असें अनुमान टीकाकारानें केलें व प्रत्येक नांवापुढें एक झाड लिहून टाकिलें. हें अनुमान होतें, परंपरागत ज्ञान नव्हे, याचा एक पुरावा निर्णायक आहे. ओन्न या शब्दाचा खरा अर्थ अ‍ॅश वृक्ष. परंतु टीकाकार ओन्नपुढें फर्झ हें पिवळ्या फुलांचें काटेरी झुडूप लिहितो, आणि अ‍ॅश वृक्ष नेऊन बसवितो निनपुढें, ज्याचा झाडाशीं संबंध नाहीं. जेथें नांव खरोखर झाडाचें होतें तेथेंही शब्द जुना व अपरिचित झाला असल्यामुळें त्याला भलतें झाड सुचलें. ज्याला ओन्न ठाऊक नाहीं, त्यानें सांगितलेल्या लुइस, तिन्ने व मुइन यांच्या अर्थांवर किती भार ठेवावा?

८

टीप एकदां संहितेंत शिरली म्हणजे तिच्यावर मजले चढत जातात. रॉडरिक ओफ्लाहर्टी यांनीं १६८५ सालच्या 'ओगिगिया' ग्रंथांत झाडांच्या नांवांचीच वर्णमाला दिली, आणि तिच्यांत 'न' हें अक्षर पांचव्या स्थानावरून तिसऱ्या स्थानीं आणलेलें आहे. त्याचें मूळ 'बेथे-लुइस-निन' या लिपीच्या जुन्या नांवांत दिसतें. परंतु 'निन' हा शब्द सामान्यपणें 'अक्षर' या अर्थींही वापरीत. तेव्हां 'बेथे, लुइस इत्यादि अक्षरें' असा त्या नांवाचा साधा अर्थ होऊं शकतो, व शिलालेखांशीं आणि पोथ्यांशीं जुळणारा क्रम मोडण्याचें कारण उरत नाहीं. १९४८ सालीं कवि रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनीं 'द व्हाइट गॉडेस' या पुस्तकांत ओफ्लाहर्टींचा क्रम घेऊन १३ महिन्यांचें एक वृक्षपंचांग उभारलें आणि तें प्राचीन केल्टिक धर्माचें म्हणून मांडिलें. असें पंचांग कोणत्याही आयरिश पोथींत नाहीं. गमतीची गोष्ट ही कीं, याच कवीचे आजोबा बिशप चार्ल्स ग्रेव्ह्ज हे एकोणिसाव्या शतकांत ओगम शिलालेखांचा काटेकोर अभ्यास करणारांपैकीं एक होते. आज या पंचांगाचा प्रसार शिलालेखांच्या कोणत्याही संग्रहाहून अधिक आहे.

विद्वानांचीही चूक उलट दिशेनें होऊं शकते. आर. ए. एस. मॅकॅलिस्टर यांनीं १९४५ व १९४९ सालीं दोन खंडांत शिलालेखांचा जो संग्रह प्रसिद्ध केला तो आजही अभ्यासकांस लागतो. परंतु ओगम मुळांत द्रुइड पुरोहितांच्या गुप्त हस्तसंकेतांतून निघाली, हें त्यांचें मत पुढील विद्वानांस पटलें नाहीं. चार वर्ग व प्रत्येकांत पांच अक्षरें एवढ्यावरून हाताचीं बोटें आठवणें स्वाभाविक आहे. तथापि आठवण म्हणजे प्रमाण नव्हे.

९

आतां निष्कर्ष. ओगम अक्षरनामें हीं प्राचीन आयरिश भाषेंतील नित्याचे शब्द होत. तीं निवडतांना आद्य ध्वनीची अट होती. अर्थ एकाच वर्गांतला असावा अशी अट नव्हती. म्हणून झाड, शेत, माती, धातु, भय, वध हे सर्व एकाच रांगेंत आले. भूर्ज, आल्डर, विलो, ओक, हेझल हीं पांच नांवें निश्चित झाडांचीं. लुइस, मुइन, ऐल्म, एदद व इदद यांच्याविषयीं निकाल राखून ठेवणें योग्य. तेथें पोथीची टीप घेऊन रिकामी जागा भरण्यापेक्षां ती रिकामी ठेवणें अधिक प्रामाणिक होय.

मात्र यावरून टीकाकारास मूर्ख ठरवूं नये. त्यानेंच अथवा त्याच्यासारख्यानेंच कूटोक्ति उतरून घेतल्या. स्वतःच्या अर्थाशीं त्या जुळत नसतांही त्यानें त्या गाळल्या नाहींत, बदलल्या नाहींत. गेतल हें नांव त्याला कळलें नव्हतें, तरी तें त्यानें टाकून दिलें नाहीं. न कळलेलें जसेंच्या तसें उतरून ठेवणें हा लेखनिकाचा गुण, आणि कळल्याचा आव आणून त्यावर टीप देणें हा त्याचा दोष. एकाच हातानें दोन्ही केलीं, आणि पहिल्यामुळें आज दुसऱ्याची दुरुस्ती करतां आली.

आपल्या संग्रहांतील पोथ्यांविषयीं हीच सावधगिरी इष्ट आहे. समासांतील मजकूर संहितेपासून वेगळा उतरावा. टीपेचा काळ व संहितेचा काळ एक धरूं नये. टीपेनें दिलेला अर्थ त्याच पोथींतील जुन्या वचनांशीं ताडून पाहावा. आणि जो शब्द लागत नाहीं तो सुधारून न घेतां आहे तसाच नोंदावा. तो कोणत्या शिलालेखाहून जुनी गोष्ट सांगत असेल, हें उतरून घेतांना सांगतां येत नाहीं.